लॉर्ड कर्झन : हिंदुस्थान सोडल्यानंतरची वीस वर्षं

आडवाट

आपल्याकडे कर्झन म्हटलं की बंगालची फाळणी, १९०५, विषय संपला. पाच मार्कांची टीप लिहून आपण त्याला मोकळं करतो. पण फाळणी झाली तेव्हा हा गडी ४६ वर्षांचा होता. पुढची वीस वर्षं तो लंडनच्या राजकारणात ठाण मांडून होता. पहिल्या महायुद्धात युद्धमंत्रिमंडळात होता, मग परराष्ट्रमंत्री झाला, आणि १९२३ सालच्या एका मंगळवारी दुपारी अडीच वाजेपर्यंत त्याची पक्की खात्री होती की आता पंतप्रधान आपणच. त्या वीस वर्षांवर हा धागा.

आधी घराणं. डर्बीशायरमधलं केडलस्टन हे गाव कर्झन कुळाकडे सातशेहून जास्त वर्षं चालत आलेलं. जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन तिथे ११ जानेवारी १८५९ रोजी जन्मला, अकरा भावंडांतला दुसरा, मुलग्यांत थोरला. वडील चौथे लॉर्ड स्कार्सडेल, शिवाय गावचे धर्मोपदेशक. आईबापांचा सहवास बेताचा आणि पोरं मिस पॅरामन नावाच्या बाईच्या ताब्यात. या बाईंनी त्याला 'खोटारडा', 'भित्रा' असले शब्द लिहिलेली उंच टोपी घालून गावातून फिरवलं होतं. एकदा तर घरच्या बटलरला पत्र लिहायला लावलं, की मला मारण्यासाठी एक छडी तयार करून द्यावी. ही हकीकत त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. जन्मभर दुसऱ्याच्या कामात चुका काढत बसणारा माणूस कुठे घडला, याचं थोडंफार उत्तर इथे मिळतं असं मला वाटतं.

पुढे ईटन, मग ऑक्सफर्डचं बेलिअल कॉलेज. विद्यार्थिदशेत पाठीच्या कण्याचं दुखणं जडलं आणि तेव्हापासून मरेपर्यंत तो चामडं आणि पोलादाच्या पट्ट्यात आवळलेला होता. लोकांना जो ताठा दिसायचा त्यात निम्मा वाटा त्या पट्ट्याचा. बेलिअलच्या पोरांनी त्याच्यावर एक चारोळी रचली होती: मी जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन, मी फार म्हणजे फारच श्रेष्ठ माणूस, वगैरे. ती त्याला आयुष्यभर चिकटली. व्हाइसरॉय झाला तरी लोक तीच म्हणायचे.

१८८६ मध्ये साउथपोर्टमधून खासदार. मधल्या काळात मध्य आशिया, इराण, पामीर, काबूल असा भटकला, नुसता नव्हे, टिपणं काढत. इराणवर त्याने दोन जाडजूड खंड लिहिले. १८९५ मध्ये शिकागोच्या लेव्ही लाइटर या कोट्यधीशाच्या मुलीशी, मेरीशी लग्न केलं. आणि जानेवारी १८९९ मध्ये, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्यात रुजू झाला. गंमत बघा, कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस शंभर वर्षांपूर्वी वेलस्लीने बांधलं ते केडलस्टनच्याच नमुन्यावरून. साहेब घरून निघाले आणि घरी पोचले!

व्हाइसरॉय होताना मिळालेली पदवी नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्याला मिळाली आयर्लंडची उमरावकी. इंग्लंडची उमरावकी घेतली की कॉमन्सचं, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहाचं, दार कायमचं बंद. आयरिश उमरावाला मात्र इंग्लंडमधून निवडणूक लढवून कॉमन्समध्ये बसता यायचं. पामर्स्टन असाच आयरिश उमराव होता आणि कॉमन्समध्ये बसूनच पंतप्रधान झाला. कर्झनने ही खिडकी मुद्दाम उघडी ठेवून घेतली होती.

१९०५ मध्ये सरसेनापती किचनरशी सैन्याच्या कारभारावरून भांडण झालं, लंडनच्या सरकारने किचनरची बाजू घेतली आणि कर्झनने ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. तेव्हा पंतप्रधान होता आर्थर बाल्फर, त्याचा जुना दोस्त. हे नाव पुन्हा येणार आहे. परतल्यावर सगळंच फिसकटलं. बाल्फरचं सरकार पडलं, १९०६ च्या निवडणुकीत पक्ष धुतला गेला, आणि जुलै १९०६ मध्ये मेरी वारली, वय फक्त ३६. पदरात तीन मुली. या खचलेल्या अवस्थेतच जानेवारी १९०८ मध्ये तो आयरिश उमरावांचा प्रतिनिधी म्हणून लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, निवडून गेला. आयर्लंडमध्ये एक एकर जमीन नसताना! तिथे ती उघडी ठेवलेली खिडकी त्याने आपल्याच हाताने लावून घेतली. १९११ मध्ये तो अर्ल झाला, १९२१ मध्ये मार्क्विस.

आता १९२३. पंतप्रधान बोनार लॉ घशाच्या कर्करोगाने खंगले होते. २० मे रोजी त्यांनी राजीनामा पाठवला आणि वारस सुचवायला नकार दिला. टोरी, म्हणजे या दोघांच्या हुजूर पक्षात त्या काळी नेतानिवडीचं मतदान वगैरे नव्हतं. राजाने ज्याला बोलावणं धाडलं तो पंतप्रधान. दावेदार दोघंच. परराष्ट्रमंत्री कर्झन, ज्याने बोनार लॉ आजारी असताना मंत्रिमंडळाच्या बैठका चालवल्या होत्या, आणि अर्थमंत्री स्टॅन्ली बाल्डविन, ज्याला मंत्रिपदाचा अनुभव जेमतेम दोन वर्षांचा. कर्झन सुट्टीसाठी सॉमरसेटमधल्या माँटाक्यूट या भाड्याच्या वाड्यात होता. तिथे टेलिफोन नव्हता. सोमवारी संध्याकाळी राजाचे सचिव लॉर्ड स्टॅमफर्डहॅम यांची तार आली: उद्या लंडनला भेटा. याचा अर्थ एकच होऊ शकतो असं कर्झन नवराबायकोने धरलं. (ही दुसरी बायको, ग्रेस. तीही अमेरिकन.) मंगळवारच्या गाडीत पुढचे बेत झाले: मुक्काम कार्लटन हाऊस टेरेसच्या घरीच ठेवायचा, दहा नंबर, म्हणजे पंतप्रधानांचं सरकारी घर, फक्त कचेरीच्या कामाला. स्टेशनवर फोटोवाले उभे. अडीच वाजता स्टॅमफर्डहॅम घरी आले आणि आडवळणाने बोलत बोलत सांगते झाले, की राजेसाहेबांच्या मते पंतप्रधान कॉमन्समधलाच हवा. मुख्य विरोधी पक्ष आता मजूर पक्ष आहे आणि लॉर्ड्समध्ये त्यांचं कोणीच नाही. हे बोलणं चालू होतं तेव्हा बाल्डविन राजवाड्यावर जायला निघाला होता. कर्झन खुर्चीत बसला आणि रडला.

माझं म्हणणं एवढंच: ज्या उमरावकीच्या शिडीवरून हा माणूस चढला, तिनेच शेवटच्या पायरीवर त्याला अडवलं. आणि लॉर्ड्सचं वजन उतरवणाऱ्या १९११ च्या कायद्याला वाट करून देणाऱ्यांत तो स्वतः होता. त्यावर प्रतिसादात लिहितो, लेख आधीच लांबलाय.

चहाटळ

लेख झकास. 'साहेब घरून निघाले आणि घरी पोचले' याला जोरदार हसलो. पण मला एक सांगा, याच कर्झनला मदनलाल धिंग्रांनी गोळ्या घातल्या ना? मग १९२३ मध्ये रडला कोण?

बोरीबंदर

चहाटळ, ही गल्लत दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या धाग्यावर होतेच. १ जुलै १९०९ ला साउथ केन्सिंग्टनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये धिंग्रांनी मारला तो सर विल्यम कर्झन वायली, भारतमंत्र्यांच्या कचेरीतला अधिकारी. वेगळा माणूस. लॉर्ड कर्झन अंथरुणात मेला, १९२५ मध्ये.

तात्या_हडपसर

लेखाची मांडणी चांगली आहे, पण सूर मला फार सहानुभूतीचा वाटला. खुर्ची हुकली म्हणून रडला, बिचारा! याच माणसाने १९०० मध्ये भारतमंत्र्याला लिहिलं होतं की काँग्रेस कोसळायला आली आहे आणि तिला शांतपणे मरायला मदत करणं ही माझी एक मोठी इच्छा आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदानात उभं राहून, सत्याची उच्च कल्पना ही मुख्यतः पश्चिमेची, असं ऐकवलं होतं. आपले गोखले म्हणजे किती मवाळ, एकेक शब्द तोलून बोलणारा माणूस. कायदेमंडळात अर्थसंकल्पावर आकडे मांडून कर्झनशी वर्षानुवर्षं सभ्यपणे झुंजले. कर्झनला त्यांची किंमत होती, १९०४ मध्ये त्यांना सी.आय.ई. किताब मिळाला तो त्याच्याच कारकिर्दीत. त्या गोखल्यांनीही डिसेंबर १९०५ मध्ये बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून या कारभाराला तोड शोधायला औरंगजेबापर्यंत मागे जावं लागेल असं म्हटलं. गोखल्यांच्या तोंडून औरंगजेब काढून घेणं हे सोपं काम नाही.

आडवाट

तात्या, सहानुभूती म्हणाल तर आहेच थोडी, नाकारत नाही. पण तुम्ही म्हणता त्याला जोड म्हणून दुसरी बाजूही. १९०२ मध्ये सियालकोटला नवव्या लान्सर्स पलटणीतल्या गोऱ्यांनी अट्टू नावाच्या स्वयंपाक्याला इतकं मारलं की तो मेला. पलटणीने गुन्हेगार सापडत नाही म्हणून हात झटकले. कर्झनने अख्ख्या पलटणीच्या रजा रद्द केल्या. ही पलटण म्हणजे इंग्लंडातल्या बड्या घरच्या पोरांची. जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबारात ती संचलनात आली तेव्हा जमलेल्या गोऱ्यांनी, त्यात त्याचे स्वतःचे पाहुणेही होते, मुद्दाम टाळ्यांचा गजर केला. तो घोड्यावर बसून ऐकत राहिला.

आणि जुलै १९२० मध्ये लॉर्ड्समध्ये डायरची बाजू घेणारा ठराव आला तेव्हा सरकारतर्फे त्याच्या विरोधात बोलणाऱ्यांत कर्झन होता. ठराव १२९ विरुद्ध ८६ मतांनी मंजूर झाला तो भाग वेगळा. माणूस साम्राज्यवादी होता, पुरता. पण साम्राज्य म्हणजे न्याय अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि ती जिथे खोटी पडायची तिथे तो आपल्याच लोकांवर उखडायचा.

तात्या_हडपसर

न्याय करायचा तो यांनी, मागायचा आम्ही. असो. धाग्याचा विषय लंडन आहे, त्यामुळे इथे थांबतो.

मिरजमळा

मला मूळ सिद्धांतच पटलेला नाही. लॉर्ड्समधली जागा हे निमित्त होतं. कर्झनच्या हाताखाली कोणालाच काम करायचं नव्हतं, हे खरं कारण.

परराष्ट्र खात्यातल्या गोष्टी वाचा. टेबलावरची दौत साध्या काचेची आणि पितळेची आहे, परराष्ट्रमंत्र्याला स्फटिक आणि चांदीची हवी, असं पहिल्या दिवशी म्हणाला म्हणतात. बेलिअलमध्ये राणी मेरी जेवायला येणार होती, जेवणाची यादी त्याच्याकडे तपासायला गेली. त्यावर एका ओळीचा शेरा: सभ्य गृहस्थ दुपारच्या जेवणात सूप घेत नाहीत. घरी नोकर नेमण्यापासून भिंतीवरच्या तसबिरीचा खिळा कुठे मारायचा इथपर्यंत सगळं स्वतः बघणार, मग मध्यरात्रीनंतर फायली घेऊन बसणार आणि कामाचा बोजा आपल्यावरच कसा पडतो म्हणून रडणार. असा मुख्याध्यापक असलेल्या शाळेत कोण मास्तर टिकेल?

शिवाय शब्दाचा भरवसा नाही. १९११ मध्ये आधी शेवटच्या खंदकापर्यंत लढू म्हणाला, मग फिरला. डिसेंबर १९१६ मध्ये पंतप्रधान अॅस्क्विथला, मी लॉइड जॉर्जच्या हाताखाली जाणार नाही, असं सांगितलं होतं म्हणतात, आणि चार दिवसांत नवा पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या युद्धमंत्रिमंडळात. ऑक्टोबर १९२२ मध्ये लॉइड जॉर्जची बोट बुडायला लागल्यावर नेमका वेळेवर बाहेर. तीन वेळा कूस बदललेल्या माणसाला पक्षाने का निवडावं?

आडवाट

मिरजमळा, स्वभावाबद्दल एक अक्षर खोडत नाही. पण १९११ ची कूस बदलणं मी त्याच्या खात्यावर जमेच्या बाजूला लिहितो. प्रसंग काय होता बघा. तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्जने जमीनदारांवर कर बसवणारा अर्थसंकल्प १९०९ मध्ये मांडला, लॉर्ड्सने तो फेटाळला. शेकडो वर्षांत न झालेली गोष्ट. दोन निवडणुका झाल्या. मग सरकारने लॉर्ड्सचा नकाराधिकार काढून फक्त विलंबाचा अधिकार ठेवणारं विधेयक आणलं. अडवाल तर नवे उमराव शेकड्यांनी नेमून बहुमत करू, अशी धमकी. आणि पंचम जॉर्जने तसा शब्द अॅस्क्विथला गुपचूप दिलेला होता. हे कळेपर्यंत कर्झन लढाऊ गोटात होता. कळल्यावर त्याने हिशेब केला: विधेयक तर होणारच, वर सभागृहात पाचशे हौशे-गवशे घुसणार. मग घरोघर फिरून, जेवणावळी घालून, पत्रं लिहून त्याने माघारीची बाजू बांधली.

१० ऑगस्ट १९११, लंडनमध्ये काहिली, आणि निकाल शेवटच्या क्षणापर्यंत कोणालाच माहीत नाही. १३१ विरुद्ध ११४. फरक १७ मतांचा. बाजूने पडलेल्यांत ३७ टोरी उमराव आणि १३ बिशप. ते ३७ नसते तर इतिहास वेगळा झाला असता. त्या रात्रीनंतर जॉर्ज विंडहॅमसारखे तरुणपणापासूनचे मित्र तुटले. ते त्याला गद्दार समजू लागले, आणि तो काही बोलला नाही.

रानवेडी

मी एक वेगळा धागा ओढते. हा मनुष्य बायकांना मताधिकार देण्याच्या विरोधात इतका होता की १९१२ पासून त्यासाठी स्थापन झालेल्या संघटनेचा तो अध्यक्ष होता. १८९३ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत स्त्रियांना फेलो करून घ्यायलाही त्याने कडाडून विरोध केला. मग १९११ मध्ये तोच त्या सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि १९१३ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्याचा पाठिंबा होता. भूगोल कळतो म्हणून, मत द्यायची अक्कल आहे म्हणून नव्हे, असा सगळा प्रकार!

खरा कळस जानेवारी १९१८ चा. मताधिकाराचं विधेयक कॉमन्समध्ये ३८५ विरुद्ध ५५ ने मंजूर होऊन लॉर्ड्समध्ये आलं. सभागृहाचा नेता कर्झन. विरोधी संघटनेचा अध्यक्षही कर्झन. संघटनेची मंडळी आस लावून बसलेली. साहेब उठले, हा कायदा म्हणजे सर्वनाश आहे असं बोलले, आणि पुढे म्हणाले की तरीही कॉमन्सशी टक्कर घेणं परवडणारं नाही, मी मत देणार नाही. १३४ विरुद्ध ७१ ने विधेयक पार. त्यांच्याच संघटनेतल्या बायकांनी नंतर त्यांच्यावर जी आग पाखडली ती वाचण्यासारखी आहे.

आणि पुढची पिढी? मधली मुलगी सिंथिया १९२९ मध्ये मजूर पक्षाची खासदार. (नवरा ऑस्वल्ड मोझ्ली, तो पुढे फॅसिस्ट झालेला.) थोरली आयरीन १९५८ मध्ये लॉर्ड्समध्ये बसलेल्या पहिल्या चार बायकांपैकी एक. बापाशी या मुलींचं आईकडच्या पैशावरून वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

चहाटळ

रानवेडी ताई, त्या एलिनॉर ग्लिनचं पण सांगा ना. विषय काढलाच आहे तर.

रानवेडी

सांगते, त्यात चहाटळपणा कमी आणि वाईट वाटण्यासारखं जास्त आहे. ग्लिन ही त्या काळची धाडसी कादंबऱ्या लिहिणारी बाई. मेरी गेल्यावर कर्झनशी तिचं बरीच वर्षं नातं होतं. १९१५ मध्ये त्याने माँटाक्यूट भाड्याने घेतलं आणि वाडा सजवायचं काम तिच्यावर सोपवलं. सोळाव्या शतकातला थंडगार दगडी वाडा. ती तिथे राहून पडदे, गालिचे, लाकूडकाम बघत होती. डिसेंबर १९१६ मध्ये एके दिवशी टाइम्स उघडला तर त्यात बातमी: लॉर्ड कर्झन यांचा ग्रेस डगन यांच्याशी विवाह ठरला. त्याने स्वतः एक ओळ लिहून कळवलं नव्हतं. त्याची शेकड्यांनी पत्रं तिच्याकडे होती, ती तिने जाळून टाकली.

म्हणून १९२३ ची तार त्याच माँटाक्यूटमध्ये आली हे वाचताना मला फारसा कळवळा आला नाही.

लेस्टरकर

आमच्याकडून केडलस्टन तासाभराच्या अंतरावर. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिकडे नेतो. आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. तळमजल्यावर कर्झनने आशियातून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे: हस्तिदंत, शस्त्रं, चांदीच्या मंजुषा. पण माणसं थबकतात ती मेरीच्या मोरपिशी पोशाखापुढे. १९०३ च्या दिल्ली दरबारातला हा पोशाख. सोन्याच्या जरीचं भरतकाम आपल्याकडच्या कारागिरांचं, शिलाई पॅरिसच्या वर्थकडची. मोराचं पीस पिसावर चढवत सगळं कापड भरलंय आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवा ठिपका आहे. लांबून पाचू वाटतो. काचेला नाक लावून बघितलं की कळतं, तो भुंगेऱ्याच्या पंखाचा तुकडा आहे. सोन्याची जर काळवंडली, भुंगेऱ्याचे पंख मात्र अजून तसेच लकाकतात. आमच्या आईने विचारलं की नेसून बसता तरी येत असेल का! कारागिरांची नावं विचारली तर पाट्यांवर सापडत नाहीत, हे जाता जाता.

बाजूलाच चर्च आहे, त्यात मेरीसाठी त्याने बांधवलेली कक्षा. दोघंही तिथेच पुरलेली आहेत.

बोरीबंदर

वास्तूंचा विषय निघाला म्हणून भर घालतो, कारण माझ्या मते कर्झनचं सगळ्यात टिकाऊ काम हेच. १९०२ मध्ये जॉन मार्शलला आणून पुरातत्त्व खातं नव्याने उभं केलं, १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा केला. आपल्या मुंबई इलाख्यातलंच उदाहरण: अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीत, त्या जगप्रसिद्ध जाळ्यांच्या आड, मामलेदार कचेरी भरत होती. कर्झनने ती उठवली.

आता इंग्लंडातली गोष्ट. लिंकनशायरमध्ये टॅटरशॉल नावाचा पंधराव्या शतकातला विटांचा किल्ला आहे. १९११ मध्ये तो व्यापाऱ्यांच्या हाती गेला आणि आतल्या कोरीव दगडी शेकोट्या उखडून अमेरिकेला पाठवायची तयारी झाली. इंग्लंडात तेव्हा हे थांबवणारा कायदा नव्हता! हिंदुस्थानात होता, त्यानेच केलेला. कर्झनने पदरचे पैसे घालून किल्ला विकत घेतला, शेकोट्यांचा माग काढला, त्या परत मिळवल्या आणि १९१२ मध्ये गावातून मिरवत आणून पुन्हा बसवल्या. १९१३ मध्ये ब्रिटनमध्ये स्मारकांचा कडक कायदा झाला त्यामागे हा प्रसंग होता. पुढे ससेक्समधला बोडियम किल्लाही घेतला आणि दोन्ही मृत्युपत्राने राष्ट्राला देऊन टाकले.

आणि १९२३ बद्दल. मिरजमळा आणि आडवाट दोघांनाही एक कागद दाखवतो. बोनार लॉ यांच्या राजीनाम्याबरोबर राजाच्या सचिवाकडे एक टिपण पोचलं, बाल्डविनच्या बाजूचं. ते लिहिलं होतं बाल्डविनच्या मित्राने, जे.सी.सी. डेव्हिडसनने. पण हातात देताना समजूत अशी करून दिली गेली की हे साधारण बोनार लॉ यांचंच मत आहे. शिवाय राजाने बाल्फरला सल्ल्यासाठी नॉर्फकहून बोलावलं. बाल्फर पायाच्या शिरेच्या दुखण्याने अंथरुणात होता, तरी आला, आणि म्हणाला कॉमन्समधलाच माणूस घ्या. परत गेल्यावर घरच्या पाहुण्यांनी विचारलं, 'लाडक्या जॉर्जला (म्हणजे कर्झनला) मिळणार ना?' तो म्हणाला, 'नाही, लाडक्या जॉर्जला नाही मिळणार.'

आडवाट

बोरीबंदर, ते बाल्फरचं तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, मी त्याच वाटेवर होतो. १९०५ मध्ये किचनरच्या बाजूने गेला तोही बाल्फर, आणि १९२३ मध्ये आजारी पायाने प्रवास करून आला तोही बाल्फर. त्याने राजाला दिलेलं कारण मात्र लॉर्ड्सचं होतं, स्वभावाचं नव्हे. मिरजमळा म्हणतील खरं कारण कोण सांगतं. मान्य. पण जे कारण उघडपणे सांगता येतं आणि ज्यावर कोणी वाद घालू शकत नाही, त्यालाही वजन असतंच.

कर्झन पंतप्रधान म्हणून चांगला ठरला असता असं मला वाटत नाही. परराष्ट्रमंत्री म्हणून मात्र त्याची आपल्याकडे दखलच नाही. लोझानची परिषद, नोव्हेंबर १९२२. समोर युद्ध जिंकून आलेले तुर्क, त्यांचा प्रतिनिधी इस्मत पाशा कानाने अधू. नको तो मुद्दा निघाला की पाशाला ऐकूच येत नसे. फ्रेंच आणि इटालियन दोस्त मागच्या दाराने पळ काढायला तयार. ब्रिटनकडे सैन्य पाठवायची ताकद नाही. तरी या माणसाने एकट्याने, तपशिलाच्या जोरावर, मोसुल आणि सामुद्रधुनीचे प्रश्न ताब्यात ठेवले. फेब्रुवारीत निघायच्या दिवशी तुर्क येतील म्हणून आपली गाडी अर्धा तास थांबवून ठेवली. ते आले नाहीत. पण जुलैमध्ये तह झाला तो बराचसा त्याच्या आराखड्यावर, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या तहांत टिकला तो हाच.

मिरजमळा

लोझानचं श्रेय देतो. पण त्याच कर्झनने १९१९ मध्ये इराणशी जो करार लादला तो त्याच्या हयातीतच चुरगळला गेला, तेही लिहा. इराण आपल्याइतकं कोणालाच कळत नाही या गुर्मीत केलेला करार. आणि 'कर्झन रेषा' तर त्याने आखलेलीही नव्हती. आखणी डिसेंबर १९१९ ची, जुलै १९२० मध्ये त्याच्या नावाने मॉस्कोला तार गेली एवढंच. १९४५ मध्ये पोलंडची पूर्व सीमा साधारण तिच्यावरून ठरली आणि नाव लागलं याचं.

आडवाट

इराणच्या कराराबद्दल पूर्ण सहमत. त्याच पठडीतली एक उलटी गोष्टही सांगतो. २० ऑगस्ट १९१७ ची माँटेग्यू घोषणा आपण अभ्यासात वाचली. हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची. त्या मसुद्यात 'स्वराज्य' या अर्थाचा शब्द काढून 'जबाबदार राज्यपद्धती' घालणारा हात कर्झनचा. त्याला वाटलं आपण धार बोथट केली. प्रत्यक्षात कायदेमंडळाला उत्तरदायी मंत्री, असा जास्तच पक्का अर्थ त्यातून निघाला. मग पुढे दोन वर्षं तो माँटेग्यूवर चरफडत होता.

जुनी_वही

उशिरा आले धाग्यावर. दोन शंका. मंगळवारच्या त्या प्रसंगानंतर त्याने काय केलं? राजीनामा फेकला का? आणि उमरावकी सोडून देऊन कॉमन्समध्ये यायची सोय नव्हती का?

आडवाट

पहिली शंका. बाल्डविनला तो अगदीच नगण्य माणूस म्हणाला असं सांगतात. पण सहा दिवसांनी, २८ मे रोजी, पक्षाच्या सभेत बाल्डविनच्या नेतेपदाचा ठराव मांडायला तोच उभा राहिला आणि चांगलं भाषण केलं. परराष्ट्रमंत्री म्हणूनही राहिला, जानेवारी १९२४ मध्ये सरकार जाईपर्यंत. त्याच वर्षाअखेर बाल्डविन परत आला तेव्हा मात्र परराष्ट्र खातं ऑस्टिन चेंबरलेनला दिलं आणि कर्झनला लॉर्ड प्रेसिडेंट हे मानाचं, रिकामं पद. तेही त्याने घेतलं. मार्च १९२५ मध्ये केंब्रिजला भाषणासाठी गेला असता रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया झाली आणि २० मार्चला गेला. वय ६६. केडलस्टनच्या ज्या झाडाच्या लाकडातून मेरीची शवपेटी केली होती त्याच झाडाची त्याची.

दुसरी शंका. नाही, तशी सोयच नव्हती. उमरावकी सोडता येईल असा कायदा झाला १९६३ मध्ये, आणि तोही टोरींच्या गरजेतून नव्हे. मजूर पक्षाच्या टोनी बेनला वडील वारल्यावर नको असताना उमराव व्हावं लागलं, खासदारकी गेली, त्याने भांडून तो कायदा करून घेतला. त्याचा मोठा फायदा झाला चौदावे अर्ल ऑफ होम यांना. १९ ऑक्टोबर १९६३ ला पंतप्रधान झाले, २३ ला उमरावकी सोडली, ७ नोव्हेंबरला स्कॉटलंडमधून पोटनिवडणूक जिंकले. मधले दोन आठवडे ब्रिटनचा पंतप्रधान दोन्हींपैकी कुठल्याच सभागृहात नव्हता.

मिरजमळा

आणि १९४० मध्ये हॅलिफॅक्स, म्हणजे आपला गांधी-आयर्विन करारवाला आयर्विन. पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेननंतर त्याचं नाव पुढे होतं, तेव्हा मी लॉर्ड्समध्ये आहे, मला जमणार नाही, असं तोच म्हणाला आणि चर्चिल आला. पण हॅलिफॅक्सलाही मनातून नकोच होतं. म्हणून म्हणतो, जागा हे निमित्तच असतं.

आडवाट

हॅलिफॅक्सला नको होतं म्हणून निमित्त पुरलं. कर्झनला हवं होतं, आणि दुसऱ्यांनी ते निमित्त वापरलं. फरक तिथे आहे. लोझानवर वेगळा धागा काढतो पुढच्या आठवड्यात, इस्मत पाशाच्या कानांसकट.